ड्रायव्हर निवडताना कोणता फटका मोजायचा?

गोल्फ शिकू लागलेल्या माणसाचा पहिला मोठा खर्च बहुतेक वेळा ड्रायव्हरवर होतो, आणि तोच सर्वांत कमी पडताळणी करून केलेला असतो. नियमानुसार पिशवीत चौदाच क्लब ठेवता येतात. त्यांत ड्रायव्हर सर्वांत लांब, सर्वांत मोठ्या डोक्याचा आणि बहुधा सर्वांत महाग. अठरा होलांच्या नेहमीच्या कोर्सवर चार होल लहान, म्हणजे पार तीनचे असतात. उरलेल्या चौदा होलांवर खेळाची सुरुवात याच क्लबने होऊ शकते. एवढ्या महत्त्वाच्या साधनाची निवड मात्र दुकानात जाळीसमोर मारलेल्या पाच-सहा चेंडूंवर ठरते. त्यातला एक चेंडू पडद्यावरच्या आकड्यांत सर्वांत लांब जातो आणि तो ज्या क्लबने गेला तो घरी येतो. या लेखाचे म्हणणे असे की मोजायला घेतलेला हा फटकाच चुकीचा आहे. ड्रायव्हर आपल्याला मानवतो की नाही हे सर्वांत चांगला फटका सांगत नाही. ते सलग मारलेल्या सगळ्या फटक्यांची सरासरी आणि त्यांचा पसारा सांगतो. हा निकष मान्य केला की बाकीचे प्रश्न आपोआप क्रमाने लागतात. आधी लांबी, मग लोफ्ट, मग वजन. शाफ्टवरचे अक्षर आणि डोक्यावरचे नाव सर्वांत शेवटी.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या खेळाडूला हा निकष अधिकच लागू पडतो, कारण त्याला प्रत्यक्ष गवतावर खेळायला फार कमी मिळते. उपनगरांच्या पट्ट्यातला अठरा होलांचा जुना कोर्स म्हणजे चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, स्थापना १९२७ ची. विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब आणि कुलाब्याचा यू. एस. क्लब दक्षिणेला; खाडीपलीकडे सिडकोचा खारघर व्हॅली गोल्फ कोर्स. घाटकोपरच्या माणसाला चेंबूर जवळ आहे आणि मुलुंडकर ऐरोली पुलावरून नवी मुंबई गाठतो. बोरिवली किंवा अंधेरीहून निघणाऱ्याचा निम्मा दिवस मात्र लिंक रोडवरच जातो. त्यामुळे सराव बराचसा जाळीत किंवा बंदिस्त सिम्युलेटरवर होतो आणि खरा खेळ महिन्यातल्या मोजक्या सकाळी. शिवाय शहराच्या पोटात असलेल्या कोर्सला हवे तसे पसरायला जागा नसते. कडेला झाडे, पुढे भिंत, पलीकडे वस्ती. अशा ठिकाणी वीस यार्ड लांब पण चाळीस यार्ड वाकडा गेलेला चेंडू काहीच मिळवून देत नाही. साधे त्रिकोणमितीचे गणित पाहा. चेंडू अपेक्षित रेषेपासून एक अंशाने भरकटला तर दोनशे यार्डांवर तो साडेतीन यार्ड बाजूला पडतो; पाच अंशांनी भरकटला तर सतरा यार्डांहून जास्त. हवेत वळला तर त्याहूनही पुढे.

लांबीचे आकर्षण एवढे का, हे समजण्यासाठी ड्रायव्हरचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. एकेकाळी ड्रायव्हरचे डोके पर्सिमनच्या लाकडाचे असे. हे झाड आपल्याकडच्या तेंदूच्याच वंशातले, घट्ट आणि जड लाकडाचे. १९७९ साली गॅरी अ‍ॅडम्स यांनी टेलरमेड कंपनीतर्फे पोलादी डोके बाजारात आणले. १९९१ मध्ये कॅलावेचा बिग बर्था आला आणि १९९५ मध्ये त्याचाच टायटॅनियमचा मोठा अवतार. धातू पोकळ करता येतो, टायटॅनियम हलका असूनही मजबूत राहतो. त्यामुळे डोके फुगत गेले आणि फेस, म्हणजे चेंडूला भिडणारा पृष्ठभाग, पातळ होऊन चेंडूला उसळी देऊ लागला. मग नियमकर्ते जागे झाले. आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्थांनी डोक्याचे आकारमान ४६० घनसेंटीमीटरवर रोखले. फेसच्या उसळीसाठी चाचणीत २३९ मायक्रोसेकंद आणि वर १८ ची सूट, एवढी कमाल मर्यादा ठेवली. क्लबची लांबी ४८ इंचांवर थांबवली आणि २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांना हवी तर ४६ इंचांची अट घालण्याची मुभा दिली. याचा सामान्य गिऱ्हाइकासाठी अर्थ साधा आहे. फेसच्या बरोबर मध्यावर बसलेल्या फटक्याची उसळी गेल्या जवळपास वीस वर्षांत नियमानेच बांधलेली आहे. दरवर्षीच्या जाहिरातीतले वाढीव यार्ड खरे मानले असते तर एव्हाना प्रत्येक हौशी खेळाडू तीनशे यार्ड मारत असता. नव्या डोक्यांनी खरी सुधारणा केली ती मध्य चुकलेल्या फटक्यांत. वजन कडेला नेल्यामुळे डोके धक्क्याने कमी फिरते. डोक्याच्या या स्थिरतेलाही नियमाची कमाल मर्यादा आहे आणि अनेक कंपन्यांची डोकी आज तिच्या जवळ पोहोचली आहेत. म्हणजे दोन नामांकित ड्रायव्हरांमधला फरक जाहिरात सांगते त्यापेक्षा लहान आहे, आणि एकाच ड्रायव्हरने तुम्ही मारलेल्या दोन फटक्यांमधला फरक तुम्ही समजता त्यापेक्षा मोठा.

या शेवटच्या विधानाला चांगला पुरावा आहे. रडारच्या साहाय्याने क्लब आणि चेंडू दोन्हींची गती टिपणाऱ्या ट्रॅकमॅन कंपनीने प्रसिद्ध केलेल्या जुन्या सरासऱ्यांत दोन ओळी शेजारी ठेवून वाचाव्यात. अमेरिकेतील महिला व्यावसायिकांच्या ड्रायव्हरचा वेग ताशी सुमारे ९४ मैल. साडेचौदाच्या आसपास हँडिकॅप असलेल्या हौशी पुरुषाचा वेग सुमारे ९३ मैल. ताकद जवळजवळ सारखीच. पण महिला व्यावसायिकांचा चेंडू हवेतच सुमारे २१८ यार्ड जातो, तर हौशी पुरुषाचा घरंगळण्यासकट सुमारे २१४. क्लबच्या वेगाला चेंडूच्या वेगाने किती पट प्रतिसाद दिला हे प्रमाण पहिल्या गटात सुमारे १.४८, दुसऱ्यात १.४२. आकडा किरकोळ वाटतो, पण ताशी ९३ मैलांच्या स्विंगला तो चेंडूच्या वेगातले साडेपाच मैल खातो. हीच तूट अंगबळाने भरून काढायची तर स्विंगचा वेग जवळपास चार मैलांनी वाढवावा लागेल, आणि पन्नाशीच्या नोकरदाराला ते सहजी साधणारे नाही. तूट येते मुख्यतः दोन ठिकाणांहून: चेंडू फेसच्या मध्यावर बसत नाही आणि तो योग्य कोनात, योग्य फिरकीने निघत नाही. पहिल्या गोष्टीशी क्लबच्या लांबीचा थेट संबंध आहे आणि दुसरीशी लोफ्टचा. निवडीचा क्रम इथूनच ठरतो.

लांबीपासून सुरुवात करू. पर्सिमनच्या काळात पोलादी शाफ्टचा ड्रायव्हर साधारण ४३ इंचांचा असे. आज दुकानातले बरेच ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांचे किंवा त्याहून थोडे लांब असतात. हात लांब तेवढे डोके वेगाने फिरते, हे तत्त्व बरोबर आहे. पण एका इंचाने मिळणारा जादा वेग ताशी एखाद्या मैलाच्या आसपासच असतो. उलट एवढ्या लांब काठीच्या टोकाला असलेला फेस दरवेळी त्याच जागी चेंडूवर आणणे कठीण होते. जगातले अनेक उत्तम व्यावसायिकही दुकानी लांबीपेक्षा आखूड ड्रायव्हर वापरतात. ज्यांचा नेम आपल्यापेक्षा कित्येक पटींनी पक्का आहे, ते नियंत्रणासाठी लांबी सोडतात आणि ज्यांचा नेम डळमळीत आहे त्यांना लांबी विकली जाते, ही विसंगती लक्षात घ्यायला हवी. आपल्या देशातल्या सरासरी पुरुषाची उंची अमेरिकन पुरुषापेक्षा काही सेंटीमीटरने कमी आहे, आणि बाजारातली प्रमाण लांबी आपल्याकडचे देह मोजून ठरवलेली नाही. केवळ उंचीवरून लांबी ठरवू नये, मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर आणि उभे राहण्याची ढब अधिक सांगते; पण प्रमाण लांबी हा सुरुवातीचा अंदाज आहे, निकाल नव्हे. ४४ ते ४५ इंचांच्या दरम्यानचा ड्रायव्हर हाती देऊन पाहावा आणि फेसवर चेंडूचे ठसे कुठे पडतात ते पाहावे. पायाला मारायच्या पावडरीचा पातळ फवारा फेसवर दिला की ठसा स्पष्ट उमटतो. ठसे मध्याभोवती गोळा होऊ लागले तर आखूड केलेला इंच वसूल झाला.

लोफ्ट म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन. इथे सर्वांत मोठी चूक अभिमानाने होते. नऊ अंशांचा ड्रायव्हर म्हणजे मर्दानी, बारा अंशांचा म्हणजे बायकांचा किंवा म्हाताऱ्यांचा, असा समज रेंजवर अजून ऐकू येतो. पण लोफ्ट ठरतो तो वेगावर आणि क्लब चेंडूकडे कोणत्या दिशेने येतो यावर. ट्रॅकमॅनच्या त्याच सरासऱ्यांत पुरुष व्यावसायिक सुमारे ११३ मैलांच्या वेगाने, किंचित वरून खाली मारतात. त्यांचा चेंडू अकरा अंशांच्या आसपास निघतो. महिला व्यावसायिक कमी वेगाने, सुमारे तीन अंश खालून वर मारतात; त्यांचा चेंडू तेरा अंशांहून जास्त कोनात निघतो. कमी वेगाच्या चेंडूला हवेत टिकायला उंची लागते, हे त्यांनी शास्त्र म्हणून अंगी बाणवले आहे. नव्वद मैलांच्या आत मारणाऱ्याने नऊ अंशांचा ड्रायव्हर घेतला तर चेंडू लवकर खाली येतो. उंची मिळवण्यासाठी मग तो नकळत मागच्या पायावर झुकतो आणि स्विंगच बिघडतो. सारख्याच वेगाने मारणाऱ्या दोघांत, एक वरून खाली आणि दुसरा खालून वर मारत असेल तर, अंतरात वीस यार्डांचा फरक पडू शकतो. म्हणून लोफ्ट ठरवण्याआधी टीची उंची आणि चेंडूची जागा तपासावी. चेंडू पुढच्या टाचेच्या रेषेत आणि टी थोडी उंच, एवढ्याने पुष्कळांचा प्रश्न निम्मा सुटतो.

याच ठिकाणी मुंबईचे हवामान निर्णायक ठरते. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला जातो. त्या काळात फेअरवे मऊ असतात आणि चेंडू पडतो तिथेच रुततो. म्हणजे हवेत कापलेले अंतर हेच एकूण अंतर. फेब्रुवारी ते मे या काळात जमीन टणक होते आणि खालून निघालेला चेंडू बराच पुढे घरंगळतो. परदेशी मासिकातला सल्ला बहुधा एकाच प्रकारच्या जमिनीसाठी लिहिलेला असतो. आपल्याला दोन ऋतूंत दोन वेगळ्या जमिनी मिळतात. शाफ्टच्या बुडाशी फिरवता येणारी चकती असलेल्या ड्रायव्हरचा खरा उपयोग इथे आहे. पावसाळ्यात लोफ्ट अंश-दीड अंशाने वाढवावा, उन्हाळ्यात पुन्हा उतरवावा. मात्र बहुतेक अशा रचनेत लोफ्ट वाढवला की फेस थोडा डावीकडे बंद होतो आणि कमी केला की उघडतो, हे उजव्या हाताने खेळणाऱ्याने ध्यानात ठेवावे. पुण्याला खेळायला जाणाऱ्याला साडेपाचशे मीटरच्या उंचीमुळे चेंडू दोनेक टक्के लांब गेलेला दिसेल. ती करामत विरळ हवेची, त्या आठवड्यात घेतलेल्या क्लबची नव्हे.

तिसरा निर्णय वजनाचा, आणि त्याच्यामागे लपलेला चौथा शाफ्टच्या लवचिकतेचा. पोलादी शाफ्ट शंभर ग्रॅमहून जड असत; आजचे ग्राफाइट शाफ्ट चाळीस ते सत्तर ग्रॅमांत मिळतात. हलका क्लब वेगाने फिरतो, पण काहींच्या हातात तो इतका हलका होतो की डोके कुठे आहे याची जाणीवच राहत नाही आणि वरून खाली येताना हात घाई करतात. आपल्या मैदानांवर बॅट घेणारा मुलगा स्टिकर पाहण्याआधी ती उचलून तिचा पिकअप पाहतो. ड्रायव्हरच्या बाबतीतही ताल टिकेल एवढे वजन हातात यायला हवे. लवचिकतेबद्दल मात्र सावध राहावे. शाफ्टवर छापलेल्या रेग्युलर, स्टिफ, सीनियर या शब्दांना सर्व कंपन्यांना बांधणारे कोणतेही एक प्रमाण नाही. एका कंपनीचा स्टिफ दुसऱ्या कंपनीच्या रेग्युलरइतका मऊ निघू शकतो. म्हणून ‘मी स्टिफ वापरतो’ या वाक्यात माहिती फार थोडी आहे. ग्रिप ही स्वस्त पण दुर्लक्षित बाब. मुंबईच्या दमट हवेत घामेजलेल्या तळव्यात गुळगुळीत झालेली ग्रिप घट्ट आवळावी लागते, आणि आवळलेल्या मनगटांतून चांगला फटका निघत नाही. नवा ड्रायव्हर घेण्याआधी जुन्याची ग्रिप बदलून पाहणे हा सर्वांत कमी खर्चाचा प्रयोग आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अनुभवी प्रशिक्षकांचा: आधी स्विंग सुधारा, क्लब नंतर पाहू. यात तथ्य आहे. ज्याचा स्विंग आठवड्याला बदलतो त्याने महागडे मोजमाप करून घेणे व्यर्थ आहे. पण स्विंग निर्वात पोकळीत घडत नाही. तो हातातल्या क्लबला प्रतिसाद देत घडतो. फार लांब क्लब हाती असलेला माणूस चेंडूपासून दूर उभा राहतो, सपाट फिरतो आणि नंतर तीच सवय मोडण्यासाठी प्रशिक्षकाला पैसे देतो. कमी लोफ्टचा क्लब मागे झुकायला शिकवतो. तेव्हा नवख्यासाठीही लांबी आणि लोफ्ट यांची ढोबळ पण योग्य निवड हा शिकण्याचाच भाग आहे. बारकावे, म्हणजे ग्रॅमांतले वजन आणि विशिष्ट शाफ्ट, हे स्विंग स्थिरावल्यावर पाहता येतील. याच आक्षेपाचा दुसरा अवतार स्लाइसबद्दल, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजवीकडे वळत जाणाऱ्या फटक्याबद्दल, ऐकू येतो: टाचेकडे वजन दिलेला, चेंडू डावीकडे ओढणारा ड्रायव्हर म्हणजे कुबडी आहे. स्लाइसचे मूळ क्लबच्या मार्गाच्या तुलनेत फेस उघडा असण्यात आहे आणि ते साधनाने पुरते जात नाही, हे मान्य. पण महिन्यातून दोनदा खेळणाऱ्या माणसाला प्रत्येक फेरीत चार चेंडू झाडीत हरवण्यापेक्षा दोनच हरवता आले, तर तो खेळात टिकेल आणि टिकला तरच सुधारेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो याच परिसरातून येतो. चेंबूरच्या कोर्सला लागून असलेल्या वस्त्यांत कॅडी म्हणून काम करणाऱ्या मुलांनी गल्लीबोळांत आपला गोल्फ उभा केला. लोखंडी सळ्या वाकवून केलेले क्लब, प्लास्टिकचे चेंडू आणि घरांच्या मधल्या चिंचोळ्या वाटा. अशा पार्श्वभूमीतून काही जण व्यावसायिक खेळापर्यंत पोहोचले. मग साधनाची एवढी चिकित्सा कशाला, असा प्रश्न रास्त आहे. कौशल्य साधनापेक्षा वरचढ असते, याविषयी वाद नाही. पण हे उदाहरण नीट पाहिले तर ते या लेखाच्याच बाजूने बोलते. त्या गल्लीत लांब फटक्याला किंमत नाही. भिंतीला न लागता चेंडू कुठे पडतो यालाच आहे. त्या मुलांनी पसारा कमी करण्याची कला आधी शिकली, कारण जागेने त्यांना दुसरा पर्यायच दिला नाही. शिवाय सळई हाताने वाकवलेली असल्याने ती आपल्या अंगाला जुळवून घेता येते. दुकानातून आणलेल्या साच्यातल्या क्लबला ती मोकळीक नसते. क्लब कशाचा आहे यापेक्षा तो कोणाच्या हाताला बसतो हे मोठे, असा धडा तिथून घ्यावा.

तिसरा आक्षेप खर्चाचा. ड्रायव्हर आयात होतो, महाग असतो. वर मोजमापाचे शुल्क कशाला? याला उत्तर वर आलेल्या नियमांतच आहे. उसळीची मर्यादा वीस वर्षांत हललेली नसल्याने चार-पाच वर्षे जुने, जपून वापरलेले डोके नव्याच्या फार मागे नसते. नव्या मॉडेलवरचा जादा खर्च वाचवून जुना ड्रायव्हर घ्यावा आणि उरलेल्या पैशांत तो आपल्या मापाला आणावा: लांबी कापणे, वजन जुळवणे, ग्रिप बदलणे. नवे डोके मध्य चुकल्यावर अधिक क्षमाशील असते हे खरे, पण योग्य लांबीमुळे मध्य कमी वेळा चुकणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे. जुन्या बाजारात नकली मालाचा धोका असतो. नियमांत बसणाऱ्या डोक्यांची यादी नियमकर्त्या संस्था प्रसिद्ध करतात; डोक्यावरचे नाव आणि खुणा तिच्याशी ताडून पाहाव्यात.

राहिला चाचणीचा प्रश्न. बंदिस्त यंत्रावरचे आकडे निरुपयोगी नाहीत. क्लबचा वेग, चेंडूचा वेग आणि निघण्याचा कोन चांगले यंत्र विश्वासाने सांगते. पण काही यंत्रे फिरकी मोजतात, काही ती अंदाजाने काढतात. शिवाय जाळीसमोर वाकड्या फटक्याची भीती नसल्याने माणूस कोर्सवर मारतो त्यापेक्षा जोरात मारतो. म्हणून यंत्रावर निवड दोन-तीन पर्यायांपर्यंत आणावी आणि निकाल मोकळ्या रेंजवर लावावा. प्रत्येक क्लबने दहा-बारा चेंडू, शक्यतो एकाच जातीचे. आलटून पालटून मारावेत, म्हणजे थकवा एकाच क्लबच्या वाट्याला येणार नाही. एकही फटका ‘हा धरू नका’ म्हणून गाळू नये. मग पाहावे ते दोनच आकडे: हवेतल्या अंतराची सरासरी आणि सर्वांत डावीकडच्या व सर्वांत उजवीकडच्या चेंडूतले अंतर. सरासरीत पाच यार्ड मागे पण पसाऱ्यात पंधरा यार्ड अरुंद असलेला क्लब घ्यावा. जोरकस आणि नेमका खेळणाऱ्या तरुणाला हे गणित उलटे लागू पडू शकते, कारण त्याचा पसारा मुळातच आटोक्यात असतो. पण उपनगरातून महिन्याला दोन सकाळी काढून खेळणारे बहुसंख्य त्या वर्गात नाहीत.

या साऱ्याचा रोख शेवटी विक्रेत्यांकडे आणि क्लबांकडेही आहे. गिऱ्हाइकाला सर्वांत लांब फटक्याचा आकडा दाखवून माल विकणे सोपे आहे. त्याला दहाही फटक्यांचे ठिपके एका पडद्यावर दाखवणे हे त्याच्या हिताचे आहे, आणि यंत्रात ती सोय असते. खेळाडूने तीच मागावी. क्लबांनी प्रो शॉपमधले चाचणीचे ड्रायव्हर रेंजवर नेऊ द्यावेत आणि त्यांत आखूड शाफ्टचे, जास्त लोफ्टचे दोन-तीन तरी असावेत. आज बऱ्याच ठिकाणी चाचणीला ठेवलेला ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांचा असतो आणि दुसरा पर्यायच नसतो. मुंबईत गोल्फसाठी जमीन वाढण्याची शक्यता फारशी नाही. जी आहे तिच्यावर जास्त माणसांना कमी वेळात चांगले खेळायचे असेल, तर फेअरवेवर राहणारा चेंडू ही सगळ्यांचीच गरज आहे: खेळणाऱ्याची, मागे थांबलेल्या चौघांची आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्यांचीही.